दार बंद झाल्यानंतरचा फंड: पराग पारिख फ्लेक्सी कॅपचं एक प्रकरण

२५ डिसेंबर २०२२, रविवार. दाजींचा साताऱ्याहून फोन. जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. जानेवारी २०२२च्या पहिल्या आठवड्यात, फंडाच्या नुकत्याच गेलेल्या झकास वर्षाचा तक्ता बघून, त्यांनी भविष्य निर्वाह निधीतले १० लाख एकरकमी पराग पारिख फ्लेक्सी कॅप फंडात टाकले होते. तेही बँकेतल्या एका गोड बोलणाऱ्या मुलाच्या हातून, रेग्युलर प्लॅनमध्ये, म्हणजे ज्यात मध्यस्थाचं कमिशन खर्चात धरलेलं असतं त्या प्रकारात. वर्षभरात त्याचे ९ लाख ३० हजार झाले होते.

"तुझ्या त्या गूगलवाल्या फंडानं बुडवलं रे," दाजी म्हणाले. "परदेशात पैसे घालायचं दारच बंद झालंय म्हणे. मग आता त्यात राहिलं काय? काढू का?"

फंड माझा नाही, पण माझेही पैसे त्यात आहेत, तेव्हा मी तटस्थ नाही हे आधी सांगून टाकतो. फोनवर मी फक्त इतकंच म्हणालो, "दाजी, आठवडाभर काही करू नका." त्याला कारण तत्त्वज्ञान नव्हतं, एक्झिट लोड होता, म्हणजे लवकर पैसे काढले की कापली जाणारी रक्कम. या फंडात दर खरेदीतले १० टक्के युनिट्स बिनलोड काढता येतात. उरलेल्यांवर ३६५ दिवसांच्या आत २ टक्के आणि त्यानंतर ७३० दिवसांपर्यंत १ टक्का कापला जातो. ९ लाख ३० हजारांतले ९३ हजार सोडले तर ८ लाख ३७ हजारांवर २ टक्के म्हणजे १६,७४० रुपये. तेच वर्ष पुरं होऊ दिलं तर ८,३७०. नुसतं गप्प बसण्याचे आठ हजार मिळत होते. त्या आठवड्यात मी वही घेऊन बसलो. ते प्रकरण हे असं.

फंड २०१३च्या मेमध्ये सुरू झाला. तेव्हा नाव होतं पराग पारिख लाँग टर्म व्हॅल्यू फंड. मधे एकदा बदलून जानेवारी २०२१पासून फ्लेक्सी कॅप झालं. मुंबईचे शेअर दलाल पराग पारिख यांनी १९९२मध्ये स्थापन केलेली कंपनी आधी मोजक्या ग्राहकांचे पैसे सांभाळायची, मग म्युच्युअल फंडाकडे वळली. बरीच वर्षं इक्विटीत त्यांची एकच योजना होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या घराण्याच्या वीस-पंचवीस योजना असतात त्यातली एखादी कायम तक्त्यात वर असते आणि जाहिरातीत तीच झळकते. एकच योजना असली की लपायला जागा नाही.

मे २०१५मध्ये पारिख वॉरन बफे यांच्या वार्षिक सभेसाठी अमेरिकेत ओमाहाला गेले होते. तिथेच रस्ता अपघातात ते गेले. चेहरा ज्याचा, तोच गेल्यावर फंडाचं काय होतं ही मूल्यमापनातली सगळ्यात कठीण परीक्षा. इथे ती आपसूक झाली. गुंतवणुकीची सूत्रं पहिल्या दिवसापासून राजीव ठक्कर यांच्याकडे होती, ती तशीच राहिली. यादीतल्या कंपन्या रातोरात बदलल्या नाहीत, पद्धतही बदलली नाही. दाजींना मी पहिली जमेची बाजू हीच सांगितली. त्यांना ती फारशी पटली नाही, त्यांना सत्तर हजारांचं बोलायचं होतं.

मग पद्धतीकडे वळू. फंडाचा बाणा व्हॅल्यूचा: धंदा समजेल असा हवा, कर्ज कमी हवं, चालवणारे भरवशाचे हवेत आणि भाव वाजवी हवा. तो मिळत नसेल तर पैसे मोकळे ठेवायचे. असं तर सगळेच म्हणतात. फरक यादीत दिसतो. साधारण तीसएक कंपन्या, त्यातही वरच्या दहांवर मोठा भार. वरच्या नावांत बजाज होल्डिंग्ज होती, आणि आपल्याकडच्या माणसाला ही पद्धत समजावायला याहून चांगलं उदाहरण नाही. बजाज होल्डिंग्ज स्वतः काही बनवत नाही. तिच्या तिजोरीत बजाज ऑटो आणि बजाज फिनसर्व्हचे शेअर आहेत. बाजार अशा कंपनीला तिच्या तिजोरीच्या किमतीपेक्षा बऱ्याच स्वस्तात विकतो. पाकिटात शंभराची नोट दिसतेय आणि पाकीट त्याहून बऱ्याच कमी पैशांत मिळतंय, असा तो मामला. याच जातीची दुसरी कंपनी म्हणजे महाराष्ट्र स्कूटर्स, तीही या फंडाच्या यादीत राहिलेली. हे सांगितलं तेव्हा दाजी पहिल्यांदा खुलले. "म्हणजे आपली प्रिया?" साताऱ्याच्या एमआयडीसीत बनलेली प्रिया त्यांनी सतरा वर्षं चालवली होती. स्कूटर कधीच थांबल्या, पण कंपनीच्या पोटात बजाज समूहाचे शेअर साठून राहिले आणि त्यांनी जे कमावून दिलं ते स्कूटर विकून कधी मिळालं नसतं.

दुसरा भाग परदेशाचा. भारतीय इक्विटी योजनेची करसवलत टिकवायला किमान ६५ टक्के पैसा भारतीय शेअरांत लागतो. उरलेल्या ३५ टक्क्यांत हा फंड अल्फाबेट (गूगलची मालक कंपनी), मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, मेटा (फेसबुकवाली) बाळगून होता. २०२२च्या सुरुवातीला हा वाटा सुमारे २८ टक्के होता. एक गैरसमज इथे काढायला हवा, कारण दाजींचाही तोच होता. रुपया घसरला की या फंडाला आपोआप फायदा, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात फंड डॉलरची बरीचशी जोखीम वायदेबाजारात झाकून ठेवतो, म्हणजे डॉलर वर गेला काय, खाली आला काय, त्याला फारसा फरक पडत नाही. २०२२मध्ये डॉलर ७४-७५ रुपयांवरून ८२-८३वर गेला, त्याचा पुरता लाभ दाजींच्या युनिट्सना मिळालाच नव्हता.

आता मुख्य हिशेब. फंड स्वतःला निफ्टी ५०० टीआरआयशी (पाचशे भारतीय कंपन्यांचा, लाभांश धरून मोजलेला निर्देशांक) ताडून पाहतो. नियमानं ते ठीक, पण ज्याच्या ताटात तीस टक्के अमेरिकी तंत्रज्ञान वाढलंय त्याला शुद्ध देशी तराजूत घालून काय कळणार? २०१३ ते २०२१ अमेरिकी तंत्रज्ञानाची दिवाळी होती. त्या काळात निफ्टी ५००ला हरवणं हे व्यवस्थापकाचं कर्तृत्व की भूगोलाचं, हे त्या तराजूतून कधीच दिसत नाही. म्हणून मी घरगुती तराजू केला: ७० भाग निफ्टी ५०० टीआरआय, ३० भाग नॅस्डॅक १०० (अमेरिकेतल्या मोठ्या, बहुतांशी तंत्रज्ञान कंपन्यांचा निर्देशांक), डॉलरचा बराचसा हिशेब झाकलेला असल्यामुळे डॉलरमधलाच परतावा धरून. ढोबळ आहे, मान्य. रोख रकमेचा वाटा यात नाही, वर्षाच्या मधे वाटे हलतात तेही नाही. तरी देशी तराजूपेक्षा बरा.

२०२० घ्या. निफ्टी ५०० टीआरआय सुमारे १८ टक्के वर, नॅस्डॅक १०० सुमारे ४८ टक्के. माझ्या तराजूत २७. फंडानं दिले ३२-३३. म्हणजे निर्देशांकावरच्या जवळजवळ पंधरा टक्क्यांतले नऊ भूगोलाचे आणि पाच-सहा निवडीचे.

२०२१. निफ्टी ५०० टीआरआय ३२च्या आसपास, नॅस्डॅक १०० सुमारे २७. तराजूत साडेतीस. फंडाचे ४५च्या आसपास. इथे भूगोलानं काहीच दिलं नाही, उलट थोडं ओढलंच. जवळजवळ पंधरा टक्के निव्वळ निवडीचे. अल्फाबेट त्या वर्षी ६५ टक्के वाढला, मायक्रोसॉफ्ट ५१. दोन्हींचा भार जड होता.

आणि दाजींचं २०२२. निफ्टी ५०० टीआरआय सुमारे ४ टक्के वर, नॅस्डॅक १०० सुमारे ३३ टक्के खाली. ७० गुणिले ४, वजा ३० गुणिले ३३: उणे ७. फंड वर्षअखेर उणे ६ ते ७. तराजूचा काटा जवळजवळ मध्यावर.

हे दाजींना लिहून पाठवलं तेव्हा मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला: व्यवस्थापकाची चूक नाही, अमेरिका पडली. पण काटा मध्यावर आहे म्हणजे दोन्ही पारड्यांत काही झालंच नाही असं नसतं. वर्षभरात मेटा सुमारे ६४ टक्के पडला, ॲमेझॉन ५०, अल्फाबेट ३९, मायक्रोसॉफ्ट २८. चारांतला एक मायक्रोसॉफ्ट सोडला तर बाकी तिघांनी नॅस्डॅकपेक्षा जास्त मार खाल्ला. म्हणजे परदेशी निवड त्या वर्षी फसली, स्वच्छ शब्दांत. आणि देशी निवडीनं ती भरून काढली. आयटीसी, ज्याच्यावर समाजमाध्यमांत वर्षानुवर्षं विनोद चालले होते, तो त्या एका वर्षात ५० टक्क्यांहून अधिक वाढला. फंडानं तो विनोद चालू असतानाच घेऊन ठेवला होता. कोल इंडियानंही हात दिला.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी धडा या आतल्या दोन उलट्या प्रवाहांत आहे. तीन वर्षांचा किंवा पाच वर्षांचा एक आकडा बघून फंड तोलणारा माणूस हे कधी बघत नाही. त्याला २०२१मध्ये देव दिसतो आणि २०२२मध्ये चोर.

मग दाराचं काय? म्युच्युअल फंडांच्या परदेशी गुंतवणुकीला सगळ्या उद्योगाची मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा होती. ती भरत आल्यावर बाजाराची नियामक संस्था सेबीनं जानेवारी २०२२अखेर नवी परदेशी खरेदी थांबवायला सांगितलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला या फंडानं नवे एकरकमी पैसे आणि नव्या एसआयपी घेणं थांबवलं. कमिशन, फी, मालमत्तेचा आकडा, सगळं वाढायचं असेल तर कोणतंही फंड घराणं येणाऱ्या पैशाला सहसा नाही म्हणत नाही. इथे काही आठवडे म्हटलं. मार्चमध्ये दार पुन्हा उघडलं, ते नवे पैसे भारतात घालू असं धरून. जूनमध्ये सेबीनं १ फेब्रुवारीच्या पातळीपर्यंत थोडी मोकळीक दिली, पण वाढायची सोय नव्हतीच.

व्यवस्थापकाची खरी पारख अशा वेळी होते. मेटा ३ फेब्रुवारी २०२२ला एका दिवसात २६ टक्के पडला आणि नोव्हेंबरमध्ये ९० डॉलरच्या खाली गेला. आदल्या वर्षी तो ३८०च्या वर होता. स्वस्तात घ्या म्हणणाऱ्याला बाजारानं स्वस्त वाढून ठेवलं आणि नियमानं हात बांधले. अशा वेळी दोन मोह असतात. एक, लाज झाकायला पडलेला शेअर वर्षअखेरच्या यादीतून काढून टाकणं. दुसरा, परदेश नाही तर नाही, म्हणून देशात तेव्हा जे धावतंय त्याच्या मागे धावणं. महिन्याच्या फॅक्टशीट, म्हणजे फंडाकडच्या शेअरांच्या याद्या, ओळीनं लावून बघितल्या तर दोन्ही दिसत नाही. मेटा यादीत राहिला. नवा पैसा पॉवर ग्रिड, कोल इंडियासारख्या कंटाळवाण्या नावांत जात होता. परदेशी वाटा २८वरून वर्षअखेर १८च्या आसपास आला, तो विकून नाही. भाव पडले आणि नवे पैसे देशात गेले म्हणून.

मात्र दाजींचा प्रश्न इथे पुरा चुकीचा नव्हता. त्यांनी फंड घेतला तेव्हा तो "तीस टक्के अमेरिका" होता, आता अठरा होता, पुढे आणखी घटणार होता. घेतलेली वस्तूच बदलत असेल तर जुन्या वस्तूचा लौकिक किती दिवस चालवायचा? माझं उत्तर असं होतं: पद्धत तीच आहे, मैदान लहान झालंय. पद्धतीसाठी घेतला असेल तर ठेवा. अमेरिकेसाठी घेतला असेल तर कारण संपत चाललंय. "मी परताव्यासाठी घेतला," दाजी म्हणाले. हे प्रामाणिक उत्तर फार कमी लोक देतात.

आकाराचा मुद्दा मात्र मला दाजींपेक्षा जास्त टोचत होता. तेव्हा फंड तीस हजार कोटींच्या घरात होता. एका फंड घराण्याला कोणत्याही कंपनीचं १० टक्क्यांहून जास्त मतदान भांडवल घेता येत नाही. म्हणजे ५,००० कोटींची छोटी कंपनी कितीही आवडली तरी फार तर ५०० कोटी घालता येणार. तीस हजार कोटींच्या फंडात ते पावणेदोन टक्क्यांच्या आत. ती दुप्पट झाली तरी फंडाच्या परताव्यात जेमतेम दीड-पावणेदोन टक्क्यांची भर. पुण्याची पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरुवातीच्या काळात अनेक वर्षं या यादीत होती. फंड लहान होता, कंपनी लहान होती, तेव्हा अशी निवड ताटात दिसायची. तशी निवड आता केली तरी चमचाभरच. जुन्या परताव्यातला हा भाग पुन्हा मिळणार नाही आणि तो कोणत्याही तक्त्यात वेगळा दाखवलेला नसतो.

खर्चाबद्दल थोडक्यात. मध्यस्थाशिवाय घ्यायच्या डायरेक्ट प्लॅनचा खर्च पाऊण टक्क्याच्या आसपास होता, रेग्युलरचा त्याच्या दुपटीच्या आसपास. १० लाखांवर खर्चापूर्वी १२ टक्के सुटतात असं धरलं, तर ०.७ टक्के खर्चात वीस वर्षांनी ८५ लाख होतात आणि दीड टक्के खर्चात साडेत्र्याहत्तर. साडेअकरा लाख त्या गोड बोलण्याचे. हा आकडा ऐकून दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मागून ताईचा आवाज आला, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

एक गोष्ट मी मुद्दाम तपासली. कंपनीच्या संचालकांचे आणि कर्मचाऱ्यांचे स्वतःचे किती पैसे योजनेत आहेत, हे हा फंड आपणहून जाहीर करत आलाय. ऑक्टोबर २०२१पासून सेबीनं सगळ्याच फंडांच्या वरिष्ठांना पगाराचा पाचवा हिस्सा आपल्याच योजनांत ठेवायला लावला, तेव्हा ही रीत सक्तीची झाली. सक्तीआधी कोण करत होतं ते बघावं. शिवाय दरवर्षी युनिटधारकांची सभा असते, लोक उभं राहून आडवेतिडवे प्रश्न विचारतात आणि त्याचं चित्रीकरण सगळ्यांसाठी खुलं असतं. मी तीन वर्षांच्या सभा ओळीनं ऐकल्या. पाहत होतो ते एवढंच, की गेल्या वर्षी दिलेलं कारण यंदा बदललंय का. परदेश का, रोख का, अमुक शेअर का नाही, याची उत्तरं चांगल्या वर्षात आणि वाईट वर्षात सारखीच होती. माझ्या लेखी याचं वजन कुठल्याही तारांकित मानांकनापेक्षा जास्त.

ठरलं असं. जुने १० लाख हलवायचे नाहीत. दोन वर्षं पुरी झाली की लोड संपेल, तेव्हा कराचा हिशेब बघून डायरेक्टमध्ये न्यायचे. नवे पैसे निम्मे साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकाची नुसती नक्कल करणाऱ्या फंडात. आणि बाहेर पडायची कारणं आजच लिहून ठेवायची, भाव बघून नंतर सुचू नयेत म्हणून. दाजींच्या डायरीत, त्यांच्या जिल्हा परिषदी अक्षरात, तीन ओळी आहेत: "१) ठक्कर गेले तर. २) महागडी फॅशनेबल नावं वरच्या दहांत दिसली तर. ३) सलग पाच वर्षं तराजूच्या खाली राहिला तर." एका वाईट वर्षाचा त्यात उल्लेख नाही.

२०२३मध्ये मेटा जवळजवळ तिप्पट झाला. निफ्टी ५०० टीआरआय सुमारे २७ टक्के वाढला आणि फंड ३६-३७. दाजींनी माझं कौतुक केलं, जे मी नाकारलं, कारण मेटा तिप्पट झाला नसता तरी माझा डिसेंबरमधला सल्ला तोच असता आणि मग त्यांनी मला फैलावर घेतलं असतं. जानेवारी २०२४मध्ये त्यांनी डायरेक्टमध्ये बदल केला. बँकेतला मुलगा तोवर दुसऱ्या शाखेत गेला होता.

२०२५च्या मध्यात फंडानं एक लाख कोटींचा टप्पा ओलांडला. माझं जुनं गणित मांडलं तर ५,००० कोटींच्या कंपनीत कमाल गुंतवणूक तेव्हा फंडाच्या अर्ध्या टक्क्याएवढी. परदेशी वाटा आणखी उतरलेला. आणि रोखे, ठेवी, रोख मिळून पाचव्या हिश्शाहून जास्त पैसा शेअरांच्या बाहेर, कारण भाव महाग वाटत होते. पद्धतीला धरूनच होतं सगळं.

दाजींनी डायरीच्या पानाचा फोटो पाठवला. तीन ओळींच्या खाली पेन्सिलीनं चौथी लिहिलेली होती, पुढे प्रश्नचिन्ह: "४) रोख २० टक्क्यांच्या वर?" लगेच फोनही आला. "मला सांग, पाचातला एक रुपया नुसता ठेवायचाय तर तो मी इथं पोस्टात ठेवतो की. त्याची फी त्यांना कशाला?"

मी म्हटलं, दाजी, स्वस्त मिळेल तेव्हा तो रुपया कुठे घालायचा हे ठरवायची ती फी आहे.

"आणि नाहीच मिळालं स्वस्त तर?"

चौथी ओळ अजून पेन्सिलीतच आहे.